बाई बसंना

सुदर्शनने मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बूड टेकवलं, दोन्ही पाय डाव्या अंगाला सोडले, गळ्यातला पंचा पदरासारखा डोक्यावरून घेतला आणि डोळे मिटले. आपण गिऱ्हाइकाची बायको ठमाबाई आहोत अशी मनाची समजूत घालायला त्याला जरा वेळ लागला, कारण ठमाबाईंना त्याने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

"टोचतंय का कुठं?" रखमाजीने विचारलं.

"नाय."

"सायलेन्सरचा चटका?"

"नाय ओ, मामा."

"मग ती का बसंना?"

सुदर्शनने डोळे उघडले. समोर घोडेगावचा रस्ता होता, रस्त्यापलीकडे गोजरबाईची चहाची टपरी होती आणि टपरीवरची चार माणसं हातातले कप तसेच धरून त्याच्या पदराकडे बघत होती. त्याने पंचा परत गळ्यात टाकला.

गाडीत दोष नव्हता. ती आठ दिवसांपूर्वी इथूनच गेली होती, तेव्हाही नव्हता. गाडी म्हणजे रखमाजीच्या पोराची, स्वराजची क्रूझर. चाकणच्या कंपनीत लागल्या लागल्या त्याने ती घेतली, मग कंपनीने न्यायला-आणायला बस सुरू केली आणि क्रूझर तळेघरच्या अलीकडच्या वाडीत बापाच्या अंगणात येऊन पडली. लांबलचक, बुटकी, पाय पुढं सोडून रेलून बसायची गाडी. पांढरा लेंगा घातलेला रखमाजी तिच्यावर बसला की ग्रामपंचायतीतली खुर्ची चाकं लावून बाहेर काढल्यासारखी दिसे. चार वर्षं तो ती तशीच चालवत होता.

"वर आमच्याकडं धुकं असतं बघ," पहिल्या दिवशी त्याने सांगितलं होतं. "समोर म्हैस हाय म्हून मी थांबतो. जवळ आल्यावर कळतं, एसटी हाय. पिवळे लाईट बसीव दोन."

"इतके दिवस कशी चालवली मग?"

"मंडळी असती की मागं. खांद्यावरनं बॅटरी धरती. वळायचं असलं की हात काढती. आता या वयात तिला कशाला तरास? निवांत बसू दे."

"हात कशाला? इंडिकेटर हायेत की."

"मागचे तिच्या लुगड्याखाली जात्यात. आत लागतो का इझतो, मागच्याला काय कळणार?"

सुदर्शनने गॅरेज टाकून सहाच महिने झाले होते. तोवर पंक्चर, चेन आणि ब्रेक यांच्यापलीकडे त्याची मजल गेली नव्हती. हे पहिलं डोक्याचं काम. पिवळ्या दिव्यांचे क्लॅम्प नेमके पुढच्या इंडिकेटरच्या जागी येत होते, म्हणून ते इंडिकेटर त्याने खाली क्रॅशगार्डवर नेले. मागचे सीटखालून काढून नंबर प्लेटच्या दोन्ही बाजूंना लावले, म्हणजे लुगडं कितीही पसरलं तरी दिसतील. वायरी अशा बांधल्या की एकही लोंबत नव्हती. मग फोटो काढून स्टेटसला ठेवला.

रखमाजी तर डावा-उजवा, डावा-उजवा करत दहा मिनिटं नुसता बटन दाबत उभा होता.

"हे बेस झालं. हाताचं काय, राव, मानूस माशी हाकलायला बी हात काढतो. इंडिकेटर म्हंजे सरकारी. लागला म्हंजे वळायचं. लावून न वळणारा मानूस मला चालत नाय."

खूश होऊन सुदर्शनने गॅरेजचं नाव छापलेली टोपी त्याच्यापुढे केली. रखमाजी विंचू बघितल्यासारखा मागे सरला.

"टोपी नको."

"फुकट हाय, मामा."

"ती बी फुकटच व्हती."

'ती' म्हणजे चार वर्षांपूर्वीची टोपी. रखमाजीचा मेव्हणा, ठमाबाईंचा भाऊ चांगदेव, याच्या मुलीच्या लग्नात मानाच्या आहेराला मिळालेली. भर मांडवात रखमाजीने ती डोक्यावर ठेवली आणि ती खाली खाली येत नाकावर थांबली. बायका हसल्या. वाजंत्रीवाला हसला. नवरा मुलगा, ज्याला त्या दिवशी हसायची परवानगी नसते, तोही हसला.

"चाळीस वर्सांत ज्याला माझ्या डोक्याचं माप कळंना, त्याच्या दारात मी पाय ठिवायचा नाय," रखमाजी म्हणाला. "त्याचं गाव ओझरच्या जवळच. दर संकष्टीला आमी ओझरच्या गणपतीला जातो. येताना त्याचा फाटा लागला की मंडळी डावा हात काढती. मी सरळ. मागच्या ट्रकवाल्यांची लई फसगत व्हती."

हे सगळं आठ दिवसांपूर्वीचं. आणि आज रखमाजी एकटाच गाडी घेऊन परत आला होता. दिवे लागत होते, इंडिकेटर लागत होते, तक्रार एकच होती.

"घरी नेली त्या दिवशी मंडळीनं गाडीभवती एक चक्कर मारली," तो म्हणाला. "'चांगलं झालं' म्हनली. आन् चालाय लागली. दुकानात चालत, रानात चालत. संकष्टीला मी एकलाच ओझरला गेलो. तिथं हारवाली इचारती, मामी कुठंयत? काय सांगू? लाईट बसीवले म्हून आल्या न्हाईत?"

रखमाजीने गाडीच्या टाकीवरून हात फिरवला, जसा आजारी बैलावरून फिरवतात तसा.

"पोरा, तिला एकदा बसती कर. चार वर्सं पाठीला तिचा हात व्हता. आता मागनं नुसता वारा लागतो."

सुदर्शनने पत्नी न बसण्याची कारणं शोधायला सुरुवात केली. पुस्तकात इंजिन न सुरू होण्याची कारणं दिलेली होती, ही नव्हती. त्याने सीट खोलली, परत बसवली. फूटरेस्ट दाबून पाहिला. शेवटी पक्की खात्री करायला खरीखुरी बाईच बसवावी म्हणून त्याने गोजरबाईला हाक मारली. गोजरबाई चहाचा कप घेऊनच आली आणि चढून बसली.

"मावशी, कसं वाटतंय?"

"झकास."

"काय अडचण?"

"काय न्हाई."

"मग उतरा आता."

"राहू दे की जरा. टपरीत इतकी गुबगुबीत गादी हाय कुठं?"

गोजरबाईला उतरवायला पाव तास लागला. म्हणजे बाई बसत नाही असंही नव्हतं. बसली की उठत नव्हती. सुदर्शन आणखी गोंधळला. रखमाजी एकटाच परत गेला. मागच्या सीटवर त्याने आपल्या पंच्याची घडी ठेवली होती, ती वाऱ्याने उडू नये म्हणून एक हात मागे धरून.

ही बातमी घाटाने वर गेली आणि वरून खाली येईपर्यंत बरीच तयार झाली. घोडेगावात एक पोरगा दिवे बसवतो, त्यानंतर बायको गाडीवर बसत नाही. तळेघरकडचे लोक गॅरेजसमोर आले की गाडीचा वेग वाढवू लागले. पंक्चर झालेला एक जण तर गाडी ढकलत पार पुढच्या गॅरेजपर्यंत गेला. त्याच्या मागून त्याची बायको चालत होती आणि तो वळून वळून तिच्याकडे बघत होता.

आठवडाभरात एकच गिऱ्हाईक आपण होऊन आलं. मंचरचा टेम्पोवाला दादाभाऊ. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं, मग स्टूल सुदर्शनच्या जवळ ओढलं.

"ते लाईटचं खरं हाय का?"

"काय खरं?"

"बाई बसत नाय म्हनं."

"दादाभाऊ, तसं काय नसतं ओ."

"नाय, नाय, मी तक्रार कुठं करतोय?" दादाभाऊने आवाज आणखी उतरवला. "सासूवर चालंल का?"

त्या दिवशी सुदर्शनने दुपारीच शटर ओढलं. असंच चाललं तर महिन्याभरात गॅरेज बंद होणार आणि चालू राहिलं तर सासवांपायी राहणार, दोन्ही त्याला नको होतं. पिशवीत टेस्टर, पक्कड, टेप, वायरीचं वेटोळं आणि हाताला लागतील ते स्विच भरून तो वर निघाला.

डिंभ्याचं धरण मागे पडलं आणि धुकं सुरू झालं. आधी डोंगर गेले, मग झाडं गेली, मग रस्त्याची कडही गेली. तळेघर जवळ आलं असावं असं वाटत असताना समोर एक पांढरा उजेड दिसला. जमिनीलगत, डाव्या-उजव्या अंगाला हलणारा. त्याच्यामागे दहा पावलांवर दोन पिवळे उजेड. तिन्ही माणसाच्या चालीने येत होते.

सुदर्शनने गाडी कडेला घेतली.

पुढे एक ठेंगणी बाई होती. नऊवारी, डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद, हातात बॅटरी. मागे क्रूझर, पहिल्या गिअरमध्ये. रखमाजी दोन्ही पायांनी रस्ता ढकलत गाडीचा तोल सांभाळत होता.

"मामा, हे काय?"

"दुकानातनं घरी चाललोय."

"मामी चालत, आन् तुमी मागनं गाडीवर?"

"मग तिला सोडून जाऊ व्हय?"

"नाय, पर पुढं जाऊन थांबायचं."

"पुढं गेलो तर तिला उजेड कोण दावणार?"

"त्यांच्या हातात बॅटरी हाय की."

"ती मला दावती."

सुदर्शनने बॅटरीकडे पाहिलं, पिवळ्या दिव्यांकडे पाहिलं आणि गाडी वळवली. तोही पहिल्या गिअरमध्ये त्या दोघांच्या मागे लागला. वाडी येईपर्यंत तिघांची ती वरात तशीच चालली. ठमाबाईंनी मागे वळून एकदाही पाहिलं नाही. फक्त खड्डा आला की बॅटरी दोनदा खड्ड्यावरून फिरवत, आणि मागची क्रूझर मुकाट्याने कडेने जाई.

घरी गेल्यावर त्यांनी बॅटरी पदराने पुसली, खुंटीला अडकवली, परत काढून परत पुसली. मग चहा आणला.

"मामी," सुदर्शन म्हणाला, "सीट कडक लागती का?"

"न्हाई."

"गाडीचं भ्या वाटतं?"

"चार वर्सं बसले की."

"मग आता का बसत नाय?"

"बसून काय करू?"

सुदर्शनला प्रश्न कळला नाही. "काय करायचंय? बसायचं."

"मग पोतं बसवा." ठमाबाईंनी भिंतीशी टेकलेलं नाचणीचं पोतं दाखवलं. "ठिवलं तिथं बसतंय. गप असतंय. हातसुदीक नसतो त्याला."

एवढं बोलून त्या आत गेल्या. रखमाजीने सुदर्शनकडे पाहून खांदे उडवले, म्हणजे बघ, मी हेच ऐकतोय पंधरा दिवस.

सुदर्शनचा चहा हातातच निवत चालला. खुंटीवरची बॅटरी त्याच्या डोळ्यांसमोर होती. जुनी, पत्र्याची, लांब दांड्याची. तिचा रंग सगळीकडे शाबूत होता, फक्त बटनापाशी अंगठ्याएवढा पत्रा उघडा पडून चकचकत होता. त्याने बाहेर अंगणात पाहिलं. क्रॅशगार्डवरचे इंडिकेटर, नंबर प्लेटजवळचे इंडिकेटर, दोन पिवळे दिवे. एकही वायर लोंबत नव्हती. सगळ्या हँडलपाशी येऊन संपत होत्या.

साय धरलेला चहा त्याने एका घोटात संपवला आणि पिशवी उघडली.

"घावला का फॉल्ट?" रखमाजी धावत आला.

"घावला."

"काय व्हतं?"

"वायर लांबीला कमी पडली व्हती."

दोन तास तो अंगणात उकिडवा बसून होता. टाकी उचलली, हँडलच्या बटनांच्या वायरी सोडवल्या, त्यांना जोड देऊन टाकीखालून, सीटखालून मागे नेल्या आणि मागच्या सीटच्या डाव्या बाजूला, जिथे एका अंगाला बसलेल्या बाईचा हात आपोआप टेकतो तिथे, दोन स्विच बसवले. एक दिव्यांचा. एक डाव्या-उजव्याचा. ठमाबाई ओट्यावर बसून एक पांढरी टोपी शिवत होत्या आणि दोऱ्याला गाठ मारायच्या निमित्ताने मधूनमधून मान वर करत होत्या.

रखमाजीने सवयीने हँडलवरचं बटन दाबलं. काहीच लागलं नाही.

"आरं! हे तर बंद पडलं!"

"ते आता मागं हाय, मामा."

"मागं? चालीवणार मी आन् वळणार कोण?"

"वळणार तुमीच. सांगणार मामी."

रखमाजीने हिशेब लावला. "म्हंजे पैल्यासारखंच की."

"पैल्यासारखंच. फक्त लाईटवर."

ठमाबाई टोपी तशीच हातात घेऊन आल्या. त्यांनी पहिला स्विच अंगठ्याने खाली केला. अंगणातलं धुकं पिवळं झालं, गोठ्यातल्या म्हशीने मान वळवली. दुसरा डावीकडे ढकलला. डावं टिकटिकलं. उजवीकडे ढकलला. उजवं टिकटिकलं. त्या हसल्या नाहीत. हँडलकडे बोट करून त्यांनी विचारलं:

"आन् हारन?"

"हॉर्न मामांकडं राहू द्या."

"राहू दे," ठमाबाई म्हणाल्या. "त्यांना बी काय तरी पायजे."

रखमाजीला इतका आनंद झाला की कुठेतरी जाऊन येणं भागच होतं. नाचणीचं पोतं त्याने टाकीवर आडवं टाकलं. "चल, दळण टाकून येऊ. गिरणीला जायचं आन् यायचं." गिरणी तळेघरात, वाडीच्या वाटेवरून सडकेला लागलं की उजवीकडे, दहा मिनिटांवर.

"आलेच," म्हणून ठमाबाई आत गेल्या त्या बऱ्याच वेळाने आल्या. गिरणीला जायला त्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या. हातात पिशवी होती. दाराला कुलूप होतं. बॅटरी आत खुंटीलाच राहिली होती.

रखमाजीने लुगड्याकडे पाहिलं. "गिरणीवाल्याकडं काय पूजा हाय का?"

ठमाबाईंनी पिशवीतून पांढरी टोपी काढली आणि रखमाजीच्या डोक्यावर ठेवली. रखमाजीने घाबरून दोन्ही हात वर नेले, पण टोपी खाली आली नाही. कपाळावर जिथे थांबायची तिथेच थांबली. त्याने कडेवरून बोट फिरवलं. आतून बारीक टाके लागत होते.

"ही तीच का?"

"टोपीला टाके घालता येत्यात," ठमाबाई म्हणाल्या. "डोक्याला न्हाई येत."

मग त्या क्रूझरवर चढल्या, पाय डाव्या अंगाला सोडले, उजवा हात नवऱ्याच्या पाठीवर ठेवला. रखमाजी ताठ झाला. पंधरा दिवसांनी पाठीला वारा लागायचा थांबला होता.

सुदर्शन आपल्या गाडीवर त्यांच्या मागून निघाला. वाट सडकेला मिळते तिथे क्रूझर थांबली. उजवीकडे धुक्यात तळेघर होतं. डावीकडे धुक्यातच घोडेगाव, मंचर, नारायणगाव आणि पार तिकडे ओझर आणि चांगदेवच्या गावचा फाटा. रखमाजीने हँडल उजवीकडे वळवलं.

डावा इंडिकेटर लागला.

पुढे क्रॅशगार्डवर एक, मागे नंबर प्लेटजवळ एक. धुक्यात नारिंगी उजेड ठसठशीत उघडमीट करत होता. लुगड्याखाली काहीसुद्धा जात नव्हतं. काम खरंच चांगलं झालं होतं.

"आगं, गिरणी उजवीकडं हाय," रखमाजी म्हणाला.

ठमाबाई समोर बघत बसल्या होत्या.

वरून एक एसटी आली. ड्रायव्हरने क्रूझर पाहिली, इंडिकेटर पाहिला, पुढे वळणार म्हणून वेग कमी केला आणि थांबून वाट बघू लागला. रखमाजीने मान मुरडून सुदर्शनला हाक मारली.

"पोरा, ह्यात काय फॉल्ट हाय का रं?"

सुदर्शनने इंडिकेटरकडे पाहिलं. टोपीकडे पाहिलं. पाठीवरच्या हाताकडे पाहिलं.

"नाय, मामा. बराबर चाललंय."

एसटीवाल्याने हॉर्न दिला. रखमाजीनेही दिला, तेवढा त्याच्याकडे होता. मग त्याने टाकीवरचं नाचणीचं पोतं नीट पुढे सरकवलं, टोपी चाचपली, हँडल सरळ केलं आणि डावीकडे वळला. वळून झाल्यावर टिकटिक बंद झाली. पिवळे दिवे लागले.

सुदर्शनलाही डावीकडेच जायचं होतं. त्याने आपल्या गाडीचं बटन दाबलं. त्याचा इंडिकेटर गेलं वर्षभर बंद होता. त्याने मागच्या एसटीकडे एकदा पाहिलं आणि डावा हात बाहेर काढला.